हरण्याची गोष्ट कोण सांगतंय?

गेल्या डिसेंबरात आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचं रियुनियन झालं. पास आउट होऊन बारा वर्षं झाली होती. वर्गणी, बॅचचं वर्ष छापलेले टी-शर्ट, जुन्या कॅन्टीनमध्ये फोटो, सगळं रीतसर पार पडलं. रात्री कुणीतरी प्रोजेक्टरवर 'छिछोरे' लावला. अर्धा हॉल रडला. मीही रडलो असतो, पण मला सारखा माझा रूममेट आठवत होता. थर्ड इयरला त्याला वायडी लागली आणि पुढे डिग्री राहूनच गेली. आता तो गावी हार्डवेअरचं दुकान चालवतो. 'दुकान सोडून येता येत नाही रे,' असा त्याचा मेसेज आला होता. रियुनियन रविवारी होतं, आणि त्याचं दुकान रविवारी बंद असतं.

नितेश तिवारींचा 'छिछोरे' २०१९चा. तिवारी स्वतः पवईच्या आयआयटीत शिकलेले, त्यामुळे त्यातलं हॉस्टेल खरं वाटतं. टोपणनावं, शिव्या, मेसचं जेवण, कुठेच खोटा सूर लागत नाही. गोष्ट अशी : अनीचा मुलगा प्रवेश परीक्षेत नापास होतो आणि आत्महत्येचा प्रयत्न करतो. त्याला जगायची उमेद मिळावी म्हणून अनी कॉलेजच्या जुन्या मित्रांना गोळा करतो. मुलाच्या कॉटभोवती बसून ते आपल्या हॉस्टेलची गोष्ट सांगतात. 'लूजर' म्हणून हिणवलं जाणारं ते हॉस्टेल खेळांच्या स्पर्धेत जीव तोडून लढतं आणि शेवटी थोडक्यात हरतं.

रियुनियन लॉनवर न घडवता हॉस्पिटलात घडवणं ही या सिनेमाची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. तिथे मिरवायला जागा नसते. आणि शेवटी त्यांना जिंकवलं नाही, हेही धाडसच.

पण जरा थांबून बघा. मुलगा हरलाय कशात? प्रवेश परीक्षेत. आणि त्याला धीर द्यायला आलेले सगळे? ते तीच पायरी ओलांडून त्या कॉलेजात पोचलेले. ते हरले ते खेळांच्या स्पर्धेत. त्या हरण्याने कुणाची डिग्री गेली नाही, कुणाचं प्लेसमेंट हुकलं नाही. म्हणजे ज्यांना हरणं परवडलं, तेच इथे हरण्याची गोष्ट सांगतायत. खरोखर त्या परीक्षेत नापास झालेला आणि तरी ठीकठाक जगणारा एकही माणूस त्या खोलीत नाही. मुलाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती.

'थ्री इडियट्स'मध्ये (२००९) हेच थोडं वेगळ्या वाटेने होतं. चतुर दहा वर्षांनी पाण्याच्या टाकीवर भेटायची पैज लावतो आणि येताना बायकोच्या फोटोत मागे स्विमिंग पूल दाखवतो. आपण त्याला हसतो. पण रँचो त्याला हरवतो कसा? चारशे पेटंट असलेला फुनसुख वांगडू निघून. मोजपट्टी चतुरचीच राहते, फक्त नंबर मोठा येतो. रँचो लडाखच्या त्या शाळेत नुसता मास्तर निघाला असता, तर शेवटी थिएटरात तेवढ्याच टाळ्या पडल्या असत्या?

हे दोन्ही सिनेमे मला आवडतात, अजूनही लागले की बघतो. तक्रार एवढीच की 'मार्क म्हणजे सगळं नाही' हे सांगायला दोघांनाही मार्क मिळालेली माणसंच लागतात. आमचं रियुनियनही असंच होतं. स्टेजवर 'आम्ही किती केट्या काढल्या' हे हसत सांगणारे सगळे आज कुठल्या ना कुठल्या कंपनीत मॅनेजर आहेत. ज्याची केटी शेवटपर्यंत सुटली नाही, तो स्टेजवर काय, गेटपर्यंतसुद्धा आला नव्हता. आणि आम्ही आलेले मात्र 'सगळे भेटलो' अशी पोस्ट टाकून मोकळे झालो.

परवा रूममेटला फोन केला. सिनेमाचा विषय काढला नाही. कोणकोण आलं होतं, हे त्याने निवांत ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि कोण नाही आलं?"

हा प्रश्न रियुनियनच्या दोन दिवसांत आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. मी नावं आठवायला लागलो. यादी बरीच लांब निघाली.