दुसरा स्वार : लडाखच्या दुचाकी-प्रवासवर्णनांविषयी

१९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुला झाला आणि कालांतराने मराठी प्रवासवर्णनाला एक नवा साचा मिळाला : बुलेट, मनाली-लेहची वाट आणि सोबतीला एक मित्र. लेखक पुण्याचा असो, की लखनौच्या गोमतीनगरातील आखीव 'खंडां'मधून निघालेला एखाद्या मराठी कुटुंबातील तरुण, साचा फारसा बदलत नाही. रोहतांग, बारालाचा, लाचुंग, तांगलांग अशा खिंडी एकामागून एक येतात, प्रत्येकीची उंची नोंदवली जाते. मित्र मात्र पहिल्या परिच्छेदात सामान बांधतो, पुढे कोठे तरी छायाचित्र काढतो आणि मग कथनातून जवळजवळ नाहीसा होतो.

ही उणीव तपशिलाची नाही, जाणिवेची आहे. दुचाकीचा प्रवास हा स्वभावतःच विलक्षण प्रकारचा सहप्रवास असतो. दोघे दोन गाड्यांवर. वारा, इंजिनाचा आवाज आणि शिरस्त्राण यांमुळे दिवसभर संवाद अशक्य. पुढच्याने आरशात मागच्याचा दिवा शोधावयाचा आणि तो दिसला नाही की थांबावयाचे, एवढेच त्यांचे संभाषण. ते शब्दांत उतरते सरचूच्या किंवा पांगच्या तंबूत, तेही डोके ठणकत असताना. विरळ हवेत कार्ब्युरेटरच्या गाडीची शक्ती घटते, तशी माणसाची सहनशीलताही. वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्य असणाऱ्या या उघड्या मुलखात दडण्यास झाड नाही. मैत्रीलाही आडोसा राहत नाही. अनुभवद्रव्य इतके समृद्ध असताना लेखक मात्र खार्दुंग-लाच्या फलकावरील १८,३८० फूट हा आकडा उतरवून घेण्यात धन्यता मानतो. प्रत्यक्ष मोजणीनुसार ती उंची सुमारे १७,५८० फूट भरते. आठशे फुटांची ही तफावत क्षम्य आहे. पाहण्याऐवजी वाचून घेण्याची वृत्ती क्षम्य नाही.

मराठीत याची परंपराच नव्हती, असे म्हणता येत नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा मुळात काका-पुतण्याचा प्रवास आहे. १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेकडे निघालेले हे दोन भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडतात. तेथे रामभट काका शोभेपुरते नाहीत. पुढे जावे की मागे फिरावे, या प्रश्नाला दोन मने असतात, म्हणूनच त्या प्रसंगांना ताण लाभतो. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये संस्कारित स्वरूपात प्रसिद्ध केलेला आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून सादर केलेला हा ग्रंथ लखनौच्या अमृतलाल नागरांना हिंदीत आणावासा वाटला, तो केवळ इतिहासाच्या ओढीने नसावा.

दुचाकीचे जगप्रसिद्ध उदाहरण अर्थातच अर्नेस्तो गेवारा आणि आल्बेर्तो ग्रानादो यांचे. १९५२ च्या त्या प्रवासावर दोघांचीही पुस्तके आहेत. ग्रानादोचे १९७८ मध्ये आले. गंमत अशी, की 'पोदेरोसा', म्हणजे बलशाली, असे नाव मिरवणारी त्यांची नॉर्टन चिलीमध्येच निकामी झाली आणि आताकामाचे उंच वाळवंट त्यांनी गाडीविना, मिळेल त्या वाहनाने ओलांडले. तेथील थंडीत त्यांना एक कामगार जोडपे भेटते. त्यांना ते आपले एक पांघरूण देतात. वाहन गेले आणि माणसे दिसू लागली, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह टाळावयास हवा. परंतु त्या पानांवर पाहणारे डोळे दोन माणसांचे आहेत, हे निश्चित.

लडाखच्या मराठी वर्णनांत सीमा सडक संघटनेच्या फलकांवरील यमके आवर्जून उद्धृत होतात. ज्या रस्त्याच्या कडेला ते फलक उभे असतात, तो रस्ता दर उन्हाळ्यात डांबराच्या धुरात उभे राहून दुरुस्त करणारे, झारखंडातील दुमका परिसरातून आलेले मजूर क्वचितच दिसतात. सोबतच्या मित्राकडे न पाहणाऱ्या निवेदकाने त्यांच्याकडे पाहावे, ही अपेक्षाही जास्तीची ठरते. धूर लागला म्हणून काच खाली ओढून तो पुढे निघून जातो.