सत्तर अक्षरांची फर्माईश



आजचा विषय वरवर पाहता अगदी छोटा आहे. इंटरनेटवर चालणारं एक लहानसं रेडिओ केंद्र आहे असं समजा. श्रोता मोबाईलवरून मेसेज टाकतो, ‘अमुक गाणं लावा’, आणि निवेदक ते लावतो. यात समीक्षा करण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारेल. आमचं म्हणणं असं, की फर्माईश हा एक वाङ्मयप्रकार आहे. रोजच्या वापरातला, दोन ओळींचा; पण त्याला घाट आहे, संकेत आहेत, आणि त्यात बरं-वाईट निवडता येतं. उद्या चिंचणीत कुणी मुलामुलींनी असं केंद्र काढलं (हल्ली एक संगणक, एक माईक आणि बरं इंटरनेट एवढ्यावर ते निघतं), तर फर्माईश कशी घ्यायची या निर्णयावर ते केंद्र कोणाचं होणार हे ठरेल. म्हणून हा विषय.

आकाशवाणीवरची ‘आपली आवड’ ऐकलेली मंडळी इथं नक्की असतील. गाणं तीन मिनिटांचं, आणि त्याच्या आधी नावांची लांबलचक माळ. अमुक गावाहून अमुक, त्यांच्या बहिणी, मित्रमंडळ, आणि समस्त परिवार. रेडिओ सिलोनवर हेच, ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेल्या विविध भारतीवरही हेच. झुमरी तलैया हे आजच्या झारखंडातलं, कोडरमा जिल्ह्यातलं गाव. तिथे अभ्रकाच्या खाणी होत्या, पण देशभर त्याचं नाव झालं ते फर्माईशींमुळे. आता बघा, लोकप्रिय गाणं तर तसंही लागणारच होतं. मग पोस्टकार्डाचा खर्च कशासाठी? आपलं आणि आपल्या गावाचं नाव रेडिओवरून परत ऐकण्यासाठी. गाणं हे त्याचं निमित्त.

या फर्माईशीचा घाट पाहिला तर त्यात चार अंगं दिसतात. कोण मागतंय, कुठून, कोणतं गाणं, आणि कोणासाठी. चिंचणीच्या लोकांना हा घाट नवा वाटू नये. इथे राष्ट्रकूट काळापासूनचे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. संजाणचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा अरब अधिकारी त्यात येतो. ताम्रपटातही हेच असतं: देणारा कोण, घेणारा कोण, गाव कोणतं, हेतू काय. गंमत म्हणून तुलना करतो आहोत, पण मुद्दा खरा आहे. नाव आणि गाव नीट नोंदलं गेलं की साधा व्यवहारही लक्षात राहतो.

आता मेसेजकडे येऊ. विविध भारतीने ‘एसएमएस के बहाने वीबी के तराने’ हा कार्यक्रम केला. त्याची रचना आम्हाला विचार करण्यासारखी वाटते. निवेदक सुरुवातीला काही चित्रपटांची नावं सांगायचे, आणि श्रोत्यांनी त्यातल्याच गाण्यासाठी मेसेज करायचा. हे म्हणजे जुन्या समस्यापूर्तीसारखं झालं. चरण तुम्ही द्या, श्लोक आम्ही पुरा करतो. यात व्यावहारिक शहाणपण होतं, कारण तासाभरात लागणारी गाणी आधीच हाताशी ठेवता येतात. रंगतही होती, कारण ठरलेल्या चौकटीत कोण काय निवडतो हे ऐकायला मजा येते. पण पोस्टकार्डाच्या फर्माईशीतलं एक अंग इथे बारीक होत गेलं, ते म्हणजे ‘कोणासाठी’. नाव, शहर, गाणं एवढं मेसेजमध्ये मावतं. वडील बरे होऊन घरी आले म्हणून, मुलीचं पहिलं पत्र आलं म्हणून, हे ‘म्हणून’ मावत नाही.

ते का मावत नाही, याला एक तांत्रिक कारण आहे. एका मेसेजला १४० बाइट एवढीच जागा आहे. इंग्रजी अक्षरं तिच्यात १६० बसतात, देवनागरी फक्त ७०. आणि हे सत्तर म्हणजे आपण शाळेत मोजतो तशी अक्षरं नाहीत. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळ्यांची वेगळी मोजणी. ‘चिंचणी’ ही आपल्या हिशेबाने तीन अक्षरं, मेसेजच्या हिशेबाने सहा. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला निम्म्याहून कमी जागा, आणि सत्तर संपले की दुसऱ्या मेसेजचे पैसे. साहजिकच लोक मराठी रोमन लिपीत लिहू लागले. तिथे ‘मला’ आणि ‘माळा’ सारखेच दिसतात, ‘वडा’ आणि ‘वाडा’ही सारखेच. शहरात हे चालून जातं. पण डहाणू-तलासरीत माणसाचा पत्ता म्हणजे पाडा. निवेदकाने पाड्याचं नाव चुकीचं वाचलं, की ज्या एका गोष्टीसाठी मेसेज केला तीच वाया गेली.

तुम्ही म्हणाल, आता व्हॉट्सॲप आलं, सत्तरची अट गेली. खरं आहे. पण सवय राहिली. शिवाय अट गेली तरी बोटं मोकळी लागतातच. रेडिओ ऐकतं कोण, याचा विचार करा. हात कामात आणि कान मोकळे, तो रेडिओचा खरा श्रोता. चिंचणी-वाणगाव भागात दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. त्यांची नजर आणि बोटं कामावरून हलत नाहीत. डहाणू-घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू निवडणाऱ्या बायका आहेत. मासळी निवडणाऱ्या आहेत. यांनी फर्माईश टाइप करायची कधी? म्हणजे फक्त लिहिलेला मेसेज घ्यायचा असं ठरलं, की फर्माईश येणार ती ज्याचे हात रिकामे आहेत त्याची. ऐकणारे एक आणि मागणारे दुसरेच, असं होऊन बसतं.

इथे छत्तीसगडमधल्या सीजीनेट स्वराचं उदाहरण उपयोगी आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात माणूस मिस्ड कॉल देतो, उलट फोन येतो, आणि तो आपल्या भाषेत, गोंडीतसुद्धा, बोलून ठेवतो. लिहिता येण्याची अटच नाही. वारलीत बोलणाऱ्या श्रोत्याला प्रमाण मराठीत मेसेज लिहायला लावायचं, की ‘तुझ्याच बोलीत बोलून ठेव’ असं सांगायचं, हा प्रश्न आपल्या केंद्रापुढे पहिल्याच आठवड्यात येईल. आमचं मत स्पष्ट आहे. आवाजातली फर्माईश घ्यावी, आणि ती निवेदकाने आपल्या शब्दांत न सांगता तशीच ऐकवावी.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण त्याशिवाय ही चर्चा हवेत राहील. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ३१-ड आलं. त्यानुसार रेडिओ केंद्राला ठरवलेला दर भरून गाणी वाजवता येतात, प्रत्येक मालकाच्या दारात जावं लागत नाही. पण टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की इंटरनेटवरच्या प्रसारणाला ही सवलत लागू नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवलं. म्हणजे इंटरनेट केंद्राला सिनेमाचं गाणं वाजवायचं तर हक्कदाराशी बोलणी करूनच परवाना घ्यायचा. अमेरिकेत आणखी मजेशीर नियम आहे. तिथे ठरीव परवान्यावर चालणाऱ्या केंद्राने फर्माईश घ्यायला हरकत नाही, पण मागितल्यापासून तासाभरात किंवा सांगितलेल्या वेळी लावलेल्या गाण्यांवरच कार्यक्रम उभा राहता कामा नये. कायद्याला भीती ही, की मागताक्षणी मिळालं तर लोक गाणं विकत घेणार नाहीत.

हा उशीर आम्हाला मात्र कलेच्या दृष्टीने सोयीचा वाटतो. इंटरनेटवरचं प्रसारण तसंही श्रोत्यापर्यंत काही सेकंद मागे पोहोचतं. ‘आत्ता मागा, आत्ता ऐका’ हे काम यूट्यूब जास्त चांगलं करतं. त्याच्याशी छोट्या केंद्राने शर्यत लावू नये. पोस्टकार्डाच्या काळात आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे, आणि त्यामुळे सगळं घर रेडिओभोवती बसे. फर्माईश आज घ्या, उद्या लावा. मधल्या वेळात ती वाचा, पाड्याचं नाव विचारून घ्या, ‘कोणासाठी’ ते विचारा.

आणि आता सगळ्यात अवघड मुद्दा. फर्माईश त्याच गाण्याची करता येते ज्याची रेकॉर्ड आहे. वारली लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते, ती कुठल्या यादीत सापडणार? तारपा हे दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं वाद्य. जव्हारकडच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारखे वादक आपल्याच जिल्ह्यातले, पण रात्रभर चालणाऱ्या त्या नाचातला अमुक एक भाग हवा, असं मागायला नावच नाही. मेसेजवर चालणारं केंद्र यादीतल्यालाच उत्तर देऊ शकतं. मग हळूहळू असं वाटायला लागतं, की यादीत नाही ते लोकांना नकोच आहे. ‘श्रोते मागत नाहीत’ हे कारण आपण अनेक वेळा ऐकलंय. मागायची सोय कुठे होती, असं उलट विचारलं पाहिजे.

म्हणून आम्ही सुचवतो, की छोट्या केंद्राने फर्माईशी मोजू नयेत. ज्याचे पन्नास श्रोते आहेत त्याने तीन मेसेजांवरून ‘आजचं पहिल्या क्रमांकाचं गाणं’ जाहीर करण्यात काही अर्थ नाही. तिथे प्रत्येक फर्माईश पत्रासारखी वाचता येते, आणि हे सुख मोठ्या केंद्राला मिळत नाही. कुणी म्हणालं, ‘माझी आजी दळताना एक गाणं म्हणायची, ते लावा’, तर ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर देऊन मोकळं होऊ नये. ‘तुम्हीच म्हणून पाठवा’ असं सांगावं. आजी राजी असेल, तर तिचं गाणं वाजवायला तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाची परवानगी लागणार नाही. कायद्याने जी वाट बंद केली तिच्या शेजारीच ही वाट उघडी आहे.

एक आक्षेप आम्हाला मान्य आहे. नावं वाचण्यात धोका असतो. मुंबईत अमुक मुलीने अमुकसाठी गाणं मागितलं तर कुणाला पत्ता लागत नाही. चिंचणीत संध्याकाळपर्यंत घरी कळतं. मेसेजबरोबर फोन नंबरही येतो, तो निवेदकाच्या खासगी फोनवर साठता कामा नये. नाव सांगायचं, टोपणनाव सांगायचं की नुसतं गाव, हे मागणाऱ्याने ठरवावं. जुन्या पोस्टकार्डातही खोटी नावं असत, आणि त्याने कार्यक्रमाचं काही बिघडलं नाही.

थोडक्यात, फर्माईशीची कसोटी आम्ही अशी लावू. किती आल्या, किती लवकर लागल्या, हे नंतर पाहू. डाय घासणाऱ्याला हात न थांबवता मागता आली का? पाड्याचं नाव बरोबर उच्चारलं गेलं का? आणि यादीत नसलेलं गाणं मागायची हिंमत कुणाला झाली का? या तीन प्रश्नांना ‘हो’ म्हणणारं केंद्र पन्नास श्रोत्यांचं असलं तरी आम्ही त्याला चांगलं म्हणू.

इतकं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.