‘इतर उपाय फसल्यानंतर’: विम्यातलं एक कलम नीट वाचूया

आज कुठलाही पेपर समजावून सांगणार नाहीये. आज एक कलम वाचायचंय. जेमतेम पाच-सहा ओळींचं आहे, पण संशोधनाची तयारी करताना आपण ज्या गोष्टी घोकतो (व्याख्या, निकष, गृहीतक) त्या सगळ्या त्यात बसल्यात. आणि त्या ओळींमुळे माझ्या मामीचं ऑपरेशन अडलंय.

मामी शिरोड्याची. वेळागरच्या बाजूला तिची छोटी खानावळ आहे. सीझनमध्ये पर्यटकांची ताटं साडेतीनपर्यंत चालतात, मग ती जेवते. उंची 152 सेंटिमीटर, वजन 79 किलो. बारा वर्षांचा मधुमेह, शेवटचा एचबीए1सी 9.8. डॉक्टरांनी वजन कमी करायची शस्त्रक्रिया सुचवली, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास सांगितला. विमा कंपनीनं आधी पत्र पाठवलं की आहार-व्यायामाच्या प्रयत्नांचे पुरावे द्या. मग दुसरं पत्र आलं: निकषात बसत नाही. (हे सगळं मामीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, लिही, पण खानावळीचं नाव घालू नको.)

आता कलम. विमा नियामक म्हणजे आयआरडीएआयनं 2019 मध्ये आरोग्य विम्यातले अपवाद सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे केले. त्यात सहावा अपवाद लठ्ठपणाचा. थोडक्यात असा: शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही, पुढच्या अटी पूर्ण झाल्या तरच मिळेल. डॉक्टरांचा सल्ला हवा, वैद्यकीय प्रोटोकॉलचा आधार हवा, वय 18 किंवा जास्त हवं, आणि बीएमआय 40 किंवा जास्त. नाहीतर 35 किंवा जास्त, सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा (नियंत्रणात नसलेला टाइप 2 मधुमेह त्यात आहे), आणि तोही वजन कमी करण्याचे कमी त्रासाचे उपाय फसल्यानंतर.

न्याय करायचा तर सांगायला हवं, हे कलम पूर्वीपेक्षा बरं आहे. त्याआधी बहुतेक पॉलिसींमध्ये लठ्ठपणा सरसकट बाहेर असायचा. दार थोडं तरी उघडलं. पण उघडलं कुठपर्यंत?

मामीचा बीएमआय काढा. 79 भागिले 1.52 चा वर्ग, म्हणजे 34.2. पस्तीसला पोचायला साधारण 81 किलो लागतात. हे तिला सांगितल्यावर तिनं विचारलं, "मगे आता दोन किलो वाढवू काय गो?" मी हसले. नंतर वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? निकषाच्या दृष्टीनं तिचा प्रश्न बरोबरच होता.

हे 35 आणि 40 आले कुठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं 1991 मध्ये तज्ज्ञांची परिषद घेतली होती, तिथून. तेव्हाची शस्त्रक्रिया पोट उघडून व्हायची, जोखीम मोठी होती, आणि समोरचे पेशंट बहुतांश अमेरिकन. पुढे 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं आशियाई लोकांसाठी कारवाईचे टप्पे 23 आणि 27.5 असे खाली आणले. 2022 मध्ये याच शस्त्रक्रियांच्या दोन संघटनांनी 1991 ची शिफारस बदलली. आता त्या म्हणतात की आशियाई व्यक्तींना 27.5 पासून हा पर्याय द्यायला हवा. म्हणजे मामी 2019 च्या कलमात बसत नाही आणि 2022 च्या शिफारशीत आरामात बसते. कलमातच ‘वैद्यकीय प्रोटोकॉलचा आधार हवा’ असं लिहिलंय, तेव्हा आपल्या अर्जात आम्ही तोच धागा धरलाय.

आशियाई आकडा वेगळा का, याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. एकच पान, दोन माणसं. पेपर कसा लिहावा याचा मला आवडणारा नमुना. त्याच गटाचा पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास 1993 पासून चालू आहे. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण पुण्याची बाळं बारीक असूनही चरबी त्या मानानं टिकवून होती.

इथे एक सावधगिरी. हा अभ्यास मला आवडतो म्हणून ‘मामीचं वजन तिच्या जन्माआधीच ठरलं’ असं मी म्हणू शकत नाही. समूहाचा निष्कर्ष एका व्यक्तीवर चिकटवणं ही आपण व्हायवात पकडले जातो तीच चूक. मला म्हणता येतं ते एवढंच: शरीराच्या हिशोबात तोंडात जाणाऱ्या घासाशिवायही बरंच काही असतं, आणि ‘हिनं कमी खाल्लं असतं तर’ हे वाक्य पुराव्याशिवाय चालत नाही.

आता त्या शब्दांकडे येऊ, ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ‘उपाय फसल्यानंतर.’ किती महिने? कुठले उपाय? फसला हे कोण ठरवणार? कलमात काहीच नाही. तुमच्या प्रस्तावात तुम्ही ‘अपयश’ हा चल घेतलात आणि तो मोजणार कसा ते लिहिलं नाहीत, तर गाईड पहिल्याच भेटीत वही परत देतील. इथे तीच मोकळी जागा कंपनीनं भरली आणि पुरावे मागितले. मामीकडे कसले पुरावे असणार? गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी ‘भात कमी, चालणे’ असं लिहिलेलं आहे, दोन चिठ्ठ्यांवर.

तुम्ही म्हणाल, कंबरदुखीतही आधी फिजिओथेरपी, मग ऑपरेशन. पायरीपायरीनं जाणं वैद्यकात नेहमीचंच. बरोबर. पण तिथे फिजिओथेरपी लागू पडली नाही असं म्हणतात. इथे माणूस कमी पडला असं ऐकू येतं, आणि पत्राचा सूरही तसाच होता.

आपल्याकडे हा सूर जुना आहे. आठवतंय का, काही वर्षांपूर्वी घराघरात चाललेला वाद, दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच खा आणि 55 मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं, वेळेवर, आपलं स्थानिक खा, तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीतसुद्धा गट पडायचे. मला दोघांबद्दल तक्रार नाही, बऱ्याच लोकांना फायदाही झाला असेल. मात्र दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली: उपाय घरात आहे आणि फुकट आहे. पैसे कोणी द्यायचे हा प्रश्नच उगवला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये खाद्यतेल दहा टक्के कमी वापरा असं सांगितलं, तेही त्याच रांगेतलं. मामी तेव्हा म्हणाली, "माझ्या वजनाचो हिशोब सगळ्यांका पाठ, कामाचो कोणाकच नाय."

सल्ल्यानं किती वजन उतरतं, हे मोजलेलं आहे. ‘स्टेप 1’ ही सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची चाचणी, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली, 1961 लोकांवर. सगळे वाचक इंजेक्शनवाल्या गटाचा आकडा बघतात: 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन कमी. तुम्ही दुसरा गट बघा. त्यांनाही आहार-व्यायामाचं नियमित मार्गदर्शन होतं, फक्त सुईत औषध नव्हतं. त्यांचं वजन 2.4 टक्के उतरलं. मामीच्या 79 किलोंत हे दोन किलोही होत नाहीत.

लगेच टाळ्या वाजवू नका. या चाचणीत घेतानाच अट होती की आधी एकदा तरी आहारानं वजन कमी करायचा प्रयत्न फसलेला हवा. ज्यांना सल्ला लागू पडतो ते लोक दारातच गळाले. शिवाय मधुमेह असलेल्यांना घेतलंच नव्हतं, म्हणजे मामी त्या नमुन्यात नाही. आणि चाचणीचा खर्च औषध कंपनीचा. आकडा खोटा ठरत नाही, पण तो कोणाबद्दल आहे हे लिहून ठेवा.

‘जीवनशैली म्हणजे थोतांड’ असंही मला म्हणायचं नाही, कारण चेन्नईचा पुरावा उलट आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं 2006 मध्ये 531 जणांचा अभ्यास छापला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तीन वर्षांत नुसत्या नेहमीच्या सल्ल्याच्या गटात 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, जीवनशैली बदलायला सतत मदत मिळालेल्या गटात 39.3 टक्के. चांगला फरक. गंमत पुढे आहे: वजन मात्र लक्षणीय उतरलंच नाही. चालणं, खाणं बदलणं कामाला आलं, काटा जवळपास तिथेच. आता विमा कंपनीच्या भाषेत सांगा, या लोकांचा उपाय फसला की यशस्वी झाला?

‘दोष कोणाचा’ आणि ‘पैसे कोणाचे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि हे कलम पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात लपवून ठेवतं, अशी माझी तक्रार आहे. उद्या मामी हृदयविकारानं दाखल झाली, तर पॉलिसीच्या मर्यादेत अँजिओप्लास्टीचे पैसे मिळतील, आणि तिथे कोणी विचारणार नाही की बाई, चालत होतात का. वजन तेच, मधुमेह तोच. उशीर झाला की दोष माफ.

समोरची बाजू हलकी नाही. पैसा मर्यादित आहे. वेगोवी भारतात जून 2025 मध्ये आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसची किंमत महिन्याला 17,345 रुपये होती. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो हेही ‘स्टेप 1’च्याच पुढच्या पाठपुराव्यात दिसलं, म्हणजे खर्च बहुधा कायमचा. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचं, त्यानंतर किंमत पडली तरी शून्य होणार नाही. सगळ्यांना सरकारनं द्यावं असं म्हणणं सोपं आहे, पण मग क्षयाच्या औषधांचं काय, डायलिसिसचं काय? कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे ठरवावंच लागतं.

पण ठरवायच्या पद्धती असतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं जून 2025 पासून तिरझेपटाइड टप्प्याटप्प्यानं द्यायला घेतलं. पहिल्या टप्प्यात बीएमआय 40 आणि वजनाशी जोडलेले किमान चार आजार असलेले लोक, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ती रेषा 37.5. फार कडक आहे हे. मामी तिथेही बसली नसती. तरी रांग कशावर लावलीय ते बघा: कोण जास्त आजारी आहे यावर. आणि आपल्या शरीराचा वेगळा आकडा लंडननं धरला, आपल्या नियामकानं नाही. हे मला खरंच लागलं.

पैशाचा प्रश्न शिरोड्याला नवा नाही. आमच्याकडे मोठं दुखणं आलं की गाडी तेरेखोलपलीकडे, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. 1 जानेवारी 2018 पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागलं. गोव्याचं म्हणणं सरळ होतं: आमच्या करातून चालतं, तुमच्या राज्यानं तुमचं बघावं. त्या वर्षी दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. तेव्हा सिंधुदुर्गात कोणीही म्हणत नव्हतं की आजारी पडलो ही आमची चूक. सगळे म्हणत होते, आजाराला हद्द नसते. त्याच जिल्ह्यातली, त्याच बाजारातली माणसं आज मामीला म्हणतात, "तोंड आवळ, वजन आपोआप उतरतला." अपघात झालेल्याला हे कोणी म्हणत नाही.

तुमच्यापैकी कोणी सार्वजनिक आरोग्य, समाजशास्त्र किंवा विमा कायद्यावर प्रस्ताव लिहीत असेल, तर इथे विषय पडून आहे. कंपन्या ‘उपाय फसले’ याचा पुरावा म्हणून नेमकं काय मागतात? खानावळ चालवणारी बाई आणि आयटीतला माणूस यांच्याकडे तो पुरावा सारखाच असतो का? जिमची पावती, आहारतज्ज्ञाची फाइल, ॲपमधली पावलं हे एकाकडे सहज असतं. दुसरीकडे भात कमी केल्याची पावती कोण देणार? नाकारलेल्या अर्जांची पत्रं गोळा केली तरी एक चांगला पेपर होईल. पत्रं मिळवणं अवघड जाईल, नैतिक समितीची परवानगी आधी घ्या, आणि नातेवाइकांपासून सुरुवात करू नका, मी केली तशी.

आम्ही पुन्हा अर्ज केलाय, 2022 ची शिफारस जोडून, दोन्ही चिठ्ठ्यांसह. उत्तर आलेलं नाही. मामी आता सकाळी सुरूच्या बनातून चालायला जाते. वजन तेवढंच आहे, उपाशीपोटीची साखर थोडी उतरलीय. पुढचा एचबीए1सी दिवाळीनंतर.