बुद्धवचनातील संख्या आणि अंकविद्या : एक चिकित्सा

अंकांना व आकृतींना गूढ अर्थ असतो, ही समजूत अनेक संस्कृतींत आढळते. अमुक अंक शुभ, तमुक अशुभ; त्रिकोण हा एका शक्तीचा, वर्तुळ हे दुसऱ्या तत्त्वाचे, असे सांगणारी पुस्तके मराठीतही विपुल आहेत. एरवी त्यांचा परामर्श घेण्याचे आम्हांस प्रयोजन नव्हते. परंतु मध्यंतरी विहारातील एका प्रवचनानंतर एका उपासकाने विचारलेला प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. एका अंकशास्त्र्याने त्यांना मुलाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढविण्याचा सल्ला दिला होता. ते म्हणाले, "सर, आपल्या धम्मातही चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, बारा निदाने आहेतच. मग अंकांत काहीतरी सामर्थ्य असलेच पाहिजे ना?"

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून हा प्रश्न यावा, याचे प्रथम वाईट वाटले. नंतर जाणवले की प्रश्न प्रामाणिक आहे आणि उपहासाने त्याची बोळवण करणे योग्य नव्हे. पालि साहित्य संख्यांनी भरलेले आहे, हे खरेच आहे. त्या संख्या तेथे कोणते कार्य करतात, एवढेच तपासावयाचे आहे.

प्रथम अंकविद्येचा दावा पाहू. पाश्चात्त्य अंकविद्या आपले कूळ ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरसपर्यंत नेऊन भिडविते. पायथागोरसच्या अनुयायांना दहा ही संख्या परिपूर्ण वाटे. एक, दोन, तीन व चार बिंदूंच्या ओळी एकाखाली एक मांडल्या की त्रिकोण होतो आणि बेरीज दहा येते, म्हणून ती आकृती त्यांना पवित्र होती. या संप्रदायाने गणिताची मोठी सेवा केली, हे मान्य केलेच पाहिजे. पण ॲरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स' या ग्रंथात त्यांच्या एका दोषावर नेमके बोट ठेवले आहे. आकाशात फिरणाऱ्या गोलांची संख्या नऊच दिसत होती. ती दहा असलीच पाहिजे म्हणून त्यांनी कोणालाही न दिसणारी एक 'प्रति-पृथ्वी' कल्पिली. वस्तू पाहून संख्या ठरविण्याऐवजी संख्या धरून वस्तू निर्माण करावयाची, हा तो दोष होय. आजच्या अंकविद्येचे मूळ याच विपर्यासात आहे.

नावातील अक्षरांची बेरीज करून भविष्य सांगण्याची रीत घ्या. ग्रीक व हिब्रू लिपींत अक्षरे हीच अंकचिन्हे म्हणूनही वापरली जात. त्यामुळे तेथे शब्दाची बेरीज करण्यास निदान लेखनपद्धतीचा आधार होता. रोमन अक्षरांना एक ते आठ किंवा एक ते नऊ अंक वाटून देण्यास तसा आधार नाही. शिवाय मराठी मुलाचे नाव आई मराठीत उच्चारते, मग त्याचे प्राक्तन रोमन लिपीत का दडावे, याचे उत्तर कोणी देत नाही.

अंकांची बेरीज करीत एकाच अंकावर येण्याची युक्तीही अशीच आहे. दशमान पद्धतीत ही बेरीज म्हणजे त्या संख्येला नऊने भागल्यावर उरणारी बाकी होय. बाकी शून्य उरली तर नऊ येतात. १०८ ची बेरीज नऊ येते, कारण १०८ ला नऊने पूर्ण भाग जातो. आठावर आधारलेल्या मोजणीत हीच संख्या १५४ अशी लिहिली जाईल आणि त्या मोजणीच्या नियमाने बेरीज अखेर तीनवर येईल. संख्या तीच, वस्तूही तितक्याच; बदलले ते केवळ लिहिणे. तारखांचेही तसेच. धम्मदीक्षेचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६. यातील सर्व अंकांची बेरीज नऊ येते. ख्रिस्ती वर्षाच्या जागी बुद्धसंवत २५०० लिहिले तर त्याच दिवसाची बेरीज चार येते. ज्या दिवसाने लक्षावधी माणसांचे जीवन पालटले, त्याचे महात्म्य नऊमध्ये नाही आणि चारमध्येही नाही. ते त्या माणसांच्या निर्धारात आहे.

आता बुद्धवचनाकडे वळू. येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. बुद्धवचन कित्येक पिढ्या केवळ मुखोद्गत होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळी, सिंहलद्वीपात तिपिटक ग्रंथारूढ झाले. म्हणजे ज्या काळी या संख्या ठरल्या, त्या काळी त्या लिहिलेले अंक नव्हत्या, उच्चारलेले शब्द होत्या. स्मरणासाठी मोजणी हा त्यांचा पहिला उपयोग. अंगुत्तरनिकायाची रचना एककापासून एकादसकापर्यंत चढत्या क्रमाने आहे ती याच कारणास्तव. दीघनिकायातील संगीतिसुत्तात तर हे कारण प्रसंगासह आले आहे. निगण्ठ नातपुत्तांच्या निधनानंतर त्यांच्या अनुयायांत कलह माजला होता. पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात सारिपुत्त भिक्खूंना म्हणतात की आपल्यात तसा विवाद होऊ नये, यासाठी आपण सर्वांनी धम्माचे एकत्र संगायन करावे. आणि मग ते एकापासून दहापर्यंत धम्माचे विषय गणून सांगतात. संख्या हे येथे संघाचे ऐक्य राखण्याचे साधन आहे.

पण संख्येला स्वतःचा असा ठराविक अर्थ आहे काय? या प्रश्नाचा निकाल तीन पाठ शेजारी ठेवले की लागतो. खुद्दकपाठातील कुमारपञ्हात एक ते दहा म्हणजे काय, असे दहा प्रश्न आहेत. तेथे चार म्हणजे चार आर्यसत्ये, आठ म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग आणि दहा म्हणजे अर्हताची दहा अंगे. अंगुत्तरनिकायाच्या दसकनिपातात हेच प्रश्न पुन्हा येतात. त्यातील एका सुत्तात चार म्हणजे चार आहार, आठ म्हणजे लाभ-अलाभ, निंदा-प्रशंसा आदी आठ लोकधर्म, तर दहा म्हणजे दहा अकुशल कर्मपथ. त्यालगतच्या सुत्तात कजंगला येथील एक भिक्खुणी उपासकांना उत्तरे देते. तिच्या उत्तरात चार म्हणजे चार सतिपट्ठाने, आठ म्हणजे अष्टांगिक मार्ग, दहा म्हणजे दहा कुशल कर्मपथ. उपासक हे भगवंतांना जाऊन सांगतात तेव्हा भगवंत तिची प्रशंसा करतात आणि मला विचारले असते तर मीही असेच उत्तर दिले असते, असा निर्वाळा देतात.

अंकविद्येत आठ हा शनीचा अंक. तो सर्वत्र व सर्वांसाठी तसाच. बुद्धवचनात आठ हा कधी मार्ग आहे, तर कधी ज्या वाऱ्यांनी चित्त हेलकावे खाते ते लोकधर्म आहेत. दहा हा एके ठिकाणी कुशलाचा, दुसऱ्या ठिकाणी अकुशलाचा. अंकात मंगल वा अमंगल असते तर हे शक्यच झाले नसते.

मज्झिमनिकायातील बहुवेदनीयसुत्त याहून स्पष्ट आहे. पंचकंग सुतार आणि भिक्खू उदायी यांच्यात वेदना दोन की तीन, यावर वाद होतो. दोघेही आपापल्या संख्येला चिकटून राहतात. भगवंत सांगतात की आपण एका पर्यायाने दोन वेदना सांगितल्या आहेत, दुसऱ्या पर्यायाने तीन, तसेच पाच, सहा, अठरा, छत्तीस आणि एकशे आठही. 'पर्याय' म्हणजे मांडणीची रीत. ज्या १०८ चे एवढे गूढ माजविले जाते, तिची घडण येथे उघडी आहे. सहा इंद्रियांच्या द्वारे सौमनस्य, दौर्मनस्य व उपेक्षा असे अठरा. गृहाश्रित व नैष्क्रम्याश्रित असे दोन भेद केले की छत्तीस. भूत, भविष्य व वर्तमान या तीन काळांनी गुणले की एकशे आठ. शाळकरी मुलालाही कळेल असा हा गुणाकार आहे. बारा निदानांचेही तसेच. महानिदानसुत्तात अविद्या, संस्कार व सळायतन यांचा उल्लेख नाही. तेथे कड्या नऊच आहेत. महापदानसुत्तात दहा आहेत. संख्या पवित्र असती तर तिच्यात अशी घटवाढ कोणी सहन केली नसती. पवित्र म्हणावयाचेच तर ते कार्यकारणभावाचे ज्ञान होय.

आकृतींविषयीही हाच विवेक हवा. सारनाथच्या सिंहस्तंभशीर्षावरील चक्राला चोवीस आरे आहेत. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वजावर तेच चक्र स्वीकारले. विहारांतील तक्त्यांवर या चोवीस आऱ्यांना बारा निदाने अनुलोम व बारा प्रतिलोम असा अर्थ दिलेला आढळतो. शिकविण्याची सोय म्हणून त्यास आमची हरकत नाही. पण अशोकाच्या कोणत्याही लेखात आऱ्यांचा असा अर्थ सांगितलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. धम्मचक्कप्पवत्तनसुत्तात आऱ्यांची संख्याच नाही. तेथे तीन परिवर्त व बारा आकार आहेत, म्हणजे प्रत्येक सत्याचे ज्ञान, त्याविषयीचे कर्तव्य आणि त्या कर्तव्याची पूर्ती. उलट आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात 'अरहं' शब्दाचा अर्थ सांगताना संसारचक्राचे रूपक योजिले आहे. अविद्या व भवतृष्णा हा तुंबा, पुण्य-अपुण्यादी संस्कार हे आरे, जरामरण ही धाव. आणि हे आरे ज्यांनी मोडले ते अर्हत. म्हणजे निदानांना चक्राचे आरे म्हणावयाचे, तर ते पूजण्याचे नव्हेत, मोडण्याचे आहेत! त्याच ग्रंथात पृथ्वीकसिणाचे मातीचे मंडल करण्याची रीत आहे. ते सुपाएवढे किंवा परळाएवढे असावे, माती स्वच्छ असावी, असे तपशील आहेत. ती आकृती चित्त एकाग्र करण्याचे साधन होय.

उत्तरकालीन बौद्ध परंपरेत मंडलांना गूढ अर्थ प्राप्त झाला, हे नाकारता येणार नाही. वेरूळच्या बाराव्या लेण्यात नऊ चौकोनांत मध्ये बुद्ध व भोवती आठ बोधिसत्त्व कोरलेले आजही दिसतात. तो आपल्या इतिहासाचा भाग आहे आणि त्याचा अभ्यास झालाच पाहिजे. पण त्या आधारे मूळ शिकवणुकीलाच गुह्य ठरविणे हा वेगळा प्रकार आहे. ए. पी. सिनेट यांनी १८८३ मध्ये 'एसोटेरिक बुद्धिझम' हे पुस्तक लिहून माणसाची सात तत्त्वे व सातांच्या मालिका बुद्धाच्या नावावर मांडल्या. मॅक्सम्युल्लर यांनी १८९३ मध्ये त्यावर लेख लिहून आक्षेप घेतला. पालि सुत्तांत माणसाचे विश्लेषण पाच स्कंधांत आहे, सात तत्त्वांत नाही. आणि गुह्य शिकवणुकीविषयी महापरिनिब्बानसुत्तात तथागतांचे म्हणणे निःसंदिग्ध आहे. आपण आतले व बाहेरचे असा भेद न करता धम्म सांगितला. आचार्याची झाकली मूठ आपल्यापाशी नाही. ज्ञानाच्या झाकल्या मुठीनेच ज्यांना शतकानुशतके वंचित ठेवले, त्या आपल्या समाजाने या वचनाचे मोल विशेष जाणले पाहिजे.

अंकविद्या ही निरुपद्रवी करमणूक आहे, असे काहीजण म्हणतात. आमच्या मते ती तशी नाही. सामञ्ञफलसुत्तात मक्खलि गोसालाचा वाद आला आहे. त्याच्या मते चौऱ्यांशी लक्ष महाकल्पांपर्यंत शहाणा व मूर्ख दोघेही फिरत राहणार आणि मगच दुःखाचा अंत होणार; सुखदुःख द्रोणाने मोजून दिलेले, त्यात घट नाही, वाढ नाही; फेकलेला सुताचा गुंडा जसा उलगडत जातो तसे हे चालणार. हाही संख्यांचाच खेळ आहे. अंगुत्तरनिकायात तथागतांनी हा वाद सर्वांत हीन मानला, कारण तो कर्म, क्रिया व वीर्य तिन्ही नाकारतो. जन्मतारखेत आयुष्य मोजून ठेवलेले आहे, असे म्हणणारा अंकशास्त्री मक्खलि गोसालाचाच शिष्य होय, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. जन्मावरून माणसाचे स्थान ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. जातीच्या जागी जन्मांक आणून बसविण्यासाठी आपण धम्म स्वीकारलेला नाही. ब्रह्मजालसुत्तातील महासीलात अंगविद्या, निमित्त, स्वप्नफल, वत्थुविज्जा अशा उपजीविका गणल्या असून समण गोतम त्यांपासून दूर असल्याचे म्हटले आहे. मंगल कोणते या प्रश्नाला मंगलसुत्तात अडतीस उत्तरे आहेत. त्यांत मातापित्यांची सेवा आहे, विद्या आहे, शिल्प आहे. शुभ अंक मात्र त्यांत नाही.

त्या उपासकांना आम्ही गणकमोग्गल्लानसुत्त वाचावयास सांगितले. त्यातील ब्राह्मण हिशेबनीस आहे. आपण शिष्याला एक, दोन, तीन असे शंभरापर्यंत क्रमाने मोजावयास शिकवितो, तसा क्रम आपल्या धम्मात आहे काय, असे तो विचारतो. भगवंत शीलापासून ध्यानापर्यंतचा क्रम सांगतात. मग तो विचारतो की तुमचे सर्वच शिष्य निब्बानाला पोहोचतात काय. भगवंत म्हणतात, काही पोहोचतात, काही नाही. राजगृहाची वाट विचारणाऱ्याला वाट सांगता येते, चालावे त्यानेच. तथागत मार्ग दाखविणारे आहेत.

मुलाचे नाव होते तसेच राहिले, असे पुढे कळले. त्याला मोजावयास अवश्य शिकवावे. त्याच्या वतीने अंक काही करून देणार नाहीत, हेही त्याच वेळी शिकवावे.