काऊ-चिऊची कथा आणि तात्पर्य

मेणाच्या घरातील चिऊची कथा बालवर्गात संपते न संपते तोच आपण विचारतो, ‘यावरून काय बोध घ्याल?’ हा प्रश्न कथेवर अन्याय करणारा आहे. तिचे मर्म बंद दाराशी आहे. बाळाचे न्हाणे, तीट, अशा सबबींचा विलंब चार वर्षांच्या मुलाला घरच्या अनुभवाने पटतो. पुढची सबब तेच सांगू लागते. १९२० साली भावनगरला बालमंदिर उभारणाऱ्या गिजुभाई बधेकांनीही कथेत आनंद प्रथम मानला होता. आमच्या वर्गात एका मुलीने मध्येच विचारले, ‘पण काऊ भिजतोय ना?’ शिक्षिकेने तिला गप्प केले. मीही, तेथे असून, काही बोललो नाही. वास्तविक चिऊच्या शहाणपणावरचा रास्त आक्षेप त्या मुलीनेच घेतला होता. ‘मग चिऊने काय करावे?’ एवढेच तिला विचारायचे होते.