भेगाळलेली जमीन काय सांगते?

दुष्काळावरचा कोणताही माहितीपट लावा. पहिल्या दोन मिनिटांत भेगाळलेली जमीन बहुधा दिसतेच. बीड जिल्ह्यावरच्या चित्रफितीही याला अपवाद नाहीत. शेतकरी बोलत असतो, मध्येच पडद्यावर भेगा येतात, आवाज मात्र त्याचाच चालू राहतो. या मधल्या दृश्यांना चित्रपटवाले ‘बी-रोल’ म्हणतात. १६ मिलिमीटर फिल्मच्या काळात एकाआड एक दृश्ये ए आणि बी अशा दोन रिळांवर लावून छापत, म्हणजे सांधे दिसत नसत. रिळे गेली, नाव राहिले. आता त्याचा अर्थ पूरक चित्रण एवढाच.

पूरक चित्रणाला आमची हरकत नाही. मुलाखतीतला नकोसा भाग कापला की बोलणाऱ्याची मान एकदम उडी मारल्यासारखी दिसते. ती झाकायला दुसरे दृश्य लागतेच. आमची तक्रार झाकण म्हणून आणलेले दृश्य पुरावा म्हणून वावरू लागते, याबद्दल आहे.

बीडच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातली खनिजे भरपूर. त्यांच्या थरांत पाणी शिरले की माती फुगते. वाळली की आकसते आणि फाटते. त्यामुळे चांगला पाऊस झालेल्या वर्षीही एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुणब्याला त्याचे नवल नसते. म्हणजे शेतातल्या भेगा उन्हाळ्याची साक्ष देतात, दुष्काळाची नव्हे.

२०१६ साली केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातले पाणी संपले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या धरणाच्या तळातल्या भेगा ही वेगळी गोष्ट. जेथे पाणी असायला हवे तेथे ते नाही, हे त्या सांगतात. पडद्यावर मात्र शेत आणि तळ सारखेच दिसतात. ठिकाण आणि महिना लिहिलेला नसेल, तर प्रेक्षकाने फरक ओळखावा कसा?

रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह याने १९२० च्या सुमारास एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे कधी सूपाची थाळी, कधी शवपेटी जोडली. बघणाऱ्यांना चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. भेगांना लागून येणारा शेतकऱ्याचा चेहराही असाच वाचला जातो. आणि भेगांकडे पाहून दोष सगळा आभाळाला जातो. याच जिल्ह्यातला हिरवा ऊस, त्याला पाणी पुरवणाऱ्या खोल कूपनलिका यांची दृश्ये जोडली, तर त्याच मुलाखतीतून पाण्याच्या वाटपाचा प्रश्न उभा राहील. ती दृश्ये मिळत नाहीत असे नाही. ती निवडली जात नाहीत. (भेगा छायाचित्रकाराला फार देखण्या मिळतात, हेही कारण असावे.)

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ या छोट्या पटात कशावर झाकण म्हणून जोडलेले काही नव्हते. दाखवायची गोष्ट आणि दिसणारी गोष्ट एकच होती. दुष्काळपटातही हे जमेल. एकाच विहिरीची पातळी जूनपासून मेपर्यंत दर महिन्याला टिपली तर दहा सेकंद पुरतील.

शिक्षकांनी एखादी चित्रफीत वर्गात आवाज बंद करून दाखवावी. प्रत्येक दृश्य कोठले, कोणत्या महिन्यातले, हे मुलांनी लिहायचे. मग आवाज लावून तीच फीत पुन्हा पाहायची आणि निवेदनातले कोणते वाक्य कोणत्या दृश्यावर उभे आहे, ते शोधायचे.