विज्ञानाला कलमा पढवता येतो का?

परवेझ हुडभॉय यांचे ‘इस्लाम अँड सायन्स’ हे इंग्रजी पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. लेखकाने इस्लामाबादच्या कायदे-आझम विद्यापीठात अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. प्रस्तावना डॉ. अब्दुस सलाम यांची आहे. आज तीन दशकांनंतरही मराठी मुस्लिम वाचकाने ते वाचावे, कारण त्यातील प्रश्न पाकिस्तानपुरता नाही.

जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत (१९७७-८८) ‘इस्लामी विज्ञाना’ला सरकारी आश्रय मिळाला. परिषदा भरल्या, निबंध वाचले गेले. कुणी जिन्नांपासून ऊर्जा मिळवण्याची कल्पना मांडली, तर कुणी समाजातील मुनाफिकी मोजण्याचे गणित मांडले. हुडभॉय हे सारे शांतपणे नोंदवतात. वाचताना आधी हसू येते आणि मग ते ओसरते. या विद्वानांकडे पदव्या होत्या, परिभाषा होती, आकडेही होते. एकच गोष्ट नव्हती : आपण चुकलो तर ते कशावरून कळेल, या प्रश्नाचे उत्तर. ज्या दाव्याला चुकण्याची सोयच नाही, तो श्रद्धेचा विषय असू शकेल, विज्ञानाचा नव्हे.

याउलट सलाम यांचे उदाहरण पाहा. ते नमाजी, कुरआनचा आदर करणारे. स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक. तरीही १९६७-६८ च्या सुमारास दोघेही स्वतंत्रपणे एकाच सिद्धान्तापाशी पोचले आणि १९७९ चे नोबेल त्यांना शेल्डन ग्लॅशो यांच्यासह विभागून मिळाले. ईमान वेगळे, समीकरण एकच. समीकरणाला कलमा पढवता येत नाही, हा या पुस्तकाचा गाभा आहे. त्याच सलामांना, ते अहमदिया असल्यामुळे, १९७४ च्या घटनादुरुस्तीने गैरमुस्लिम ठरवले. १९९६ मध्ये ते वारले. पुढे रबवा येथील त्यांच्या कबरीच्या शिळेवरून ‘मुस्लिम’ हा शब्द पुसून टाकण्यात आला. जी सत्ता विज्ञानाला मुसलमान करू पाहते, तीच वैज्ञानिकाला काफिर ठरवते.

मात्र एका ठिकाणी मला पुस्तक अपुरे वाटते. त्याचा मुख्य रोख धार्मिक कट्टरतेवर आहे. उपशीर्षकच तसे सांगते. पण स्टालिनच्या रशियात धर्माला थारा नव्हता. तिथेही लायसेंकोचे शेतीविषयक दावे पक्षाला सोयीचे वाटले, म्हणून ते विज्ञान ठरले. जगभरातून बियाणे गोळा करणारे निकोलाय वाविलोव १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मेले आणि १९४८ मध्ये जनुकशास्त्रावरच बंदी आली. म्हणजे दोष केवळ मुल्लाच्या पगडीत नाही. निष्कर्ष आधी ठरवून पुरावे मागवणाऱ्या खुर्चीत तो आहे, मग खुर्चीमागे ग्रंथ कोणताही असो.

आपल्याकडे २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञाना’चे अभ्यासक्रम आणले, तेव्हा अनेक वैज्ञानिकांनी विरोध केला. तो विरोध आपल्यालाही पटला. पण आपल्याच मोहल्ल्यात ‘विज्ञानाचा प्रत्येक शोध कुरआनात आधीच आहे’ असे सांगणारी पुस्तिका हाती पडली, की आपण ती कौतुकाने पुढे देतो. सतत हिणवल्या जाणाऱ्या समाजाला असा आधार हवासा वाटतो, हे मी समजू शकतो. तरी तो आधार खोटा आहे. शोध लागल्यानंतरच तो आयतीत का सापडतो, आधी का नाही, असा प्रश्न आपली मुले विचारतील. उद्या तो सिद्धान्त बदलला, तर आयतही बदलायची का? इथे विज्ञानाचे नुकसान होतेच, पण ईमानाचे अधिक होते.

अकराव्या शतकात इब्न अल-हैसमने प्रयोगांच्या आधारे दृष्टीचे शास्त्र नव्याने मांडले आणि टॉलेमीसारख्या मान्यवराच्या चुका दाखवणारा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्याचा वारसा मात्र नावात नाही, थोरांनाही पुरावा मागण्याच्या त्या हिमतीत आहे. ती हिंमत दुसऱ्यांच्या दाव्यांपुढे दाखवणे सोपे आहे. आपल्या घरात दाखवता आली, तरच हुडभॉय यांचे पुस्तक आपण खरोखर वाचले असे म्हणता येईल.